खलील सरांची बोहनी

खलील सरांबरोबर बाजारात जायचं असेल तर घरून जेवून निघावं, हा सल्ला आमच्या कॉलेजात नव्यानं लागलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात मिळायचा. सर भाव करत. भाव आपण सगळेच करतो, त्यात विशेष काही नाही. पण सर दुकानातल्या मालाचा भाव खाली ओढत आणि डोंगरातून आलेल्या मालाचा वर चढवत. 'एकच भाव' अशी पाटी लावलेल्या कापड दुकानात, बरोब्बर त्या पाटीखाली उभं राहून त्यांनी दोन रुमालांवरून अर्धा तास घातलेला मी पाहिला आहे. आणि कन्नडच्या रस्त्यावर सीताफळं विकणाऱ्या बाईला त्यांनी दिलेला ताप तर मी जन्मात विसरणार नाही.

बाई म्हणाली, "ऐंशीला पाटी."

सर म्हणाले, "शंभर घे."

बाईनं आमच्याकडं एकदा पाहिलं, स्कूटरकडं एकदा पाहिलं आणि पाटीवर फडकं टाकलं. "नाय विकायची," म्हणाली.

सरांनी समजावायला सुरुवात केली. ही फळं तू एवढ्या लांबून डोक्यावर आणली, डोंगर चढली-उतरली, तुझ्या मेहनतीची किंमत तूच कमी लावतेस, वगैरे. बाईचा संशय वाढत गेला. एक तर नोट खोटी असणार, नाही तर माणूस कुठल्या तरी ऑफिसातला असणार, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. शेवटी नव्वदवर तोडगा निघाला. तिनं नोटा उन्हात धरून उलट्यासुलट्या पाहिल्या, आणि आम्ही निघालो तरी ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून आमच्याकडं बघत होती.

"पाहिलंस काळे," सर स्कूटरला किक मारत म्हणाले, "बाजाराला चांगुलपणाची सवय नाही. त्याला कारण द्यावं लागतं."

हे वाक्य माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं नाही. मी पोटात कावळे ओरडत असलेला माणूस होतो.

मी गंगापूरचा. आमचा उसाचा भाग. सरांचा आधी विद्यार्थी होतो, मग त्यांच्याच हाताखाली अर्थशास्त्र शिकवायला लागलो. "उसातल्या माणसाला झाड म्हणजे बांधावरची एक बाभळ," असं सर माझ्याबद्दल भर स्टाफरूममध्ये म्हणत. सर उंच, सडपातळ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, वरच्या खिशात दोन पेनं आणि मूठभर चारोळी. लोक सुपारी खातात तशी ते चारोळी खायचे. वर्गात प्रश्न टाकायचा, तोंडात दोन दाणे टाकायचे आणि ते चावून होईपर्यंत उत्तराची वाट पाहायची, असा त्यांचा हिशेब होता. उत्तर आलं नाही तर आणखी दोन दाणे. अवघड प्रश्नाच्या दिवशी खिसा रिकामा व्हायचा.

चारोळी यायची घरच्या दुकानातून. शहरात, शहागंजच्या बाजारात, त्यांच्या वडिलांचं दुकान होतं, ते आता थोरले भाऊ जमीलभाई चालवत. डिंक, मध, चारोळी, हिरडा, बेहडा, असा सगळा रानातला माल, शिवाय मसाले आणि बडीशेप. खलील सरांनीही त्या गादीवर बसावं अशी वडिलांची इच्छा होती, पण त्यांनी एम. ए. करून कॉलेजात नोकरी धरली. जमीलभाईंनी ही गोष्ट माफ केली होती की नाही, हे मला कधीच नीट कळलं नाही. कोणी गिऱ्हाइकानं विचारलं की ते सांगायचे, "मेरा छोटा भाई. धंदा करना नै आया, तो धंदा पढाने लगा."

यावर सर फक्त हसत आणि बरणीतून चारोळी उचलून खिशात भरत. तेवढा वारसाहक्क त्यांनी ठेवला होता.

सरांचं एक लाडकं वाक्य होतं. "जंगल तोडतो तो बाजार, आणि वाचवला तर तोही बाजारच वाचवेल. आपण मधे फक्त भाषणं करतो." असं म्हणून ते चाळीस मिनिटं भाषण करत. पण ते नुसतं भाषण नव्हतं, हे मला पार्किंगच्या लिंबाच्या वेळी कळलं.

कॉलेजच्या आवारात एक जुना मोठा कडुलिंब होता. गाड्यांसाठी पत्र्याचं शेड बांधायचं ठरलं आणि लिंब मधे येत होता. प्राचार्यांनी तोडायची परवानगी मागवली. आम्ही काही जणांनी निवेदन लिहायला घेतलं. सर म्हणाले, "निवेदन फाईलला लागतं. तुम्ही लिहा, मी जरा दुसरं बघतो." दुसऱ्या दिवशी लिंबाभोवती सुतळी बांधलेली आणि एका पुठ्ठ्यावर सरांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं: 'सावलीत गाडी लावायची असल्यास दहा रुपये. उन्हात मोफत.'

दिवस मे महिन्याचे, परीक्षांचे. पहिल्या दिवशी सगळे हसले आणि उन्हात गाड्या लावल्या. दुपारी सीटला हात लावून जो तो उडाला. दुसऱ्या दिवशी सावलीत जागा उरली नाही. तिसऱ्या दिवशी सावली सरकते म्हणून जागेवरून भांडणं झाली. आठवडाभरानं सर एक जड रुमाल घेऊन प्राचार्यांच्या टेबलापाशी गेले आणि गाठ सोडली.

"हे काय?" प्राचार्य म्हणाले.

"झाडाचं एका आठवड्याचं उत्पन्न. यात तुमचेही साठ रुपये आहेत. मी लाकडाचा भावही विचारून आलोय. दोन्ही शेजारी ठेवतो, मग काय तोडायचं ते तुम्ही ठरवा."

शेड दहा पावलं सरकवलं गेलं. लिंब अजून आहे. सरांनी ते पैसे लिंबाला पाणी घालणाऱ्या शिपायाला दिले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः उन्हात गाडी लावली, कारण त्यांच्या मते सावली महाग झाली होती.

आता कडूबाईकडं वळायला हवं, कारण सरांना खरं माप तिनंच लावलं.

पिशोरच्या वर डोंगरात एक वाडी आहे. चारोळीची झाडं त्या भागात पुष्कळ. सर दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना एखाद्या डोंगरात नेत, आणि मला बळेबळे. त्या वर्षी चैत्रात आम्ही या वाडीवर चढलो तर झाडांखाली फांद्यांचा सडा पडलेला. फळं वेचलेली नव्हती, फांद्याच तोडून खाली आणून ओरबाडलेल्या. चारोळीचं फळ पिकून काळं व्हावं लागतं, तेव्हा आतला दाणा भरतो. ही हिरवीगार, कोवळी. एका झाडावर साठीच्या घरातली एक बाई कोयता घेऊन बसली होती. तीच कडूबाई.

सर खालून म्हणाले, "बाई, हिरवं कशाला तोडतेस? आत दाणा तरी आहे का?"

"आर्धा हाय," वरून उत्तर आलं.

"मग पिकू दे की!"

कडूबाईनं फांदी खाली टाकली, ती आमच्यातल्या एकाच्या टोपीवर. मग सावकाश खाली उतरली. "सर, तुमी म्हंता ते खरं हाय. पर मी थांबले तर ती पलीकडली थांबती व्हय? ती थांबली तर खालच्या वाडीची थांबतेत व्हय? पिकूस्तर झाडावर काय ऱ्हातंय? आर्धा दाना तर आर्धा. काईच नसल्यापरीस बरा."

सरांनी खिशातून दोन दाणे काढले, तोंडात टाकले आणि बराच वेळ चावत राहिले. पुस्तकात ज्या गोष्टीला आम्हाला तीन प्रकरणं आणि एक आकृती लागायची, ती या बाईनं कोयता पुसता पुसता सांगितली होती.

"पूर्वीपासून असंच आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाय नाय. माजी सासू असंस्तर आखितीच्या आधी कोनी हात नाय लावायचं. आखितीला देवाला दोन दाने वाहायचे, मंग समदी वाडी संगट उतरवायची. खाली पडलेलं तसंच ऱ्हायचं, त्याची रोपं व्हायची. आता रोप दिसतंय का तुमाला कुटं?"

दिसत नव्हतं. मोठी झाडं होती, मधली होती, लहान एकही नव्हतं. मला उसातल्या माणसालाही त्याचा अर्थ कळला. ही झाडं गेली की संपलं.

"मग हा आखितीचा, अक्षय्य तृतीयेचा, नियम मोडला कधी?"

"शहागंजवाले हिरवं घ्याया लागले तवा," कडूबाई म्हणाली. "तितं एक जमीलशेट हाय. कसलाबी माल आना, घेतोच."

आम्ही सगळे सरांकडं पाहायला लागलो. सर चष्मा पुसत होते. आम्ही डोंगर उतरलो. पिशोरला चहा प्यायला थांबलो तेव्हा एवढंच म्हणाले, "काळे, कोयता तिच्या हातात आहे, पण पहाटे उठवतो तिला माझा भाऊ. आणि त्या पैशावर मी एम. ए. केलं."

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन शहागंजात गेले. रानातला माल घेणारी तिथं पाच दुकानं आहेत, एकाच ओळीत. सरांनी पाचही मालकांना जमीलभाईंच्या गादीवर जमवलं, स्वतःच्या पैशानं चहा मागवला, आणि हिरव्या आणि पिकल्या चारोळीचे दोन ढीग समोर ठेवून फोडून दाखवले. हिरव्यात निम्मी टरफलं. "तुम्ही भाव देता गोणीचा आणि विकता दाणा. मी धंदा शिकलो नाही, पण यात कोण फसतंय ते मलाही दिसतंय. आखितीपर्यंत कोणीच घेऊ नका. एकानं घेतलं तर बाकीचे मूर्ख ठरतील, म्हणून पाचही जणांनी मिळून."

बराच खल झाला. अखेर पाचही जण कबूल झाले. जमीलभाई सगळ्यात शेवटी, आणि तेही असं म्हणत, "तू बोलरा इसलिए. नै तो इकनॉमिक्स के वास्ते मै सौदा नै छोडता."

सर इतके खूश झाले की परतताना त्यांनी मला त्यांच्या खर्चानं जेवू घातलं. ही घटना कॉलेजात कोणाला खरी वाटली नाही.

चार दिवसांनी आम्ही सहज दुकानात डोकावलो तर कोपऱ्यात हिरव्या चारोळीच्या तीन गोण्या.

"भाईजान!" सर दारातच थांबले. "ये क्या?"

जमीलभाईंनी मान वर केली नाही. "बोहनी की."

आणि सर मटकन पायरीवर बसले.

त्या घराण्याचा नियम असा होता की दिवसातलं पहिलं माणूस, मग ते घ्यायला येवो की विकायला, रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही. तोटा होवो, नाही तर काही होवो. त्यांच्या वडिलांनी पन्नास वर्षं तो पाळला, जमीलभाई पाळत होते, आणि ओळीतली बाकीची चारही दुकानं पाळत होती. आणि कडूबाई पिशोरहून पहिल्या एसटीनं निघायची. शटर उघडायच्या आधी ती पायरीवर बसलेली असायची. पाच दुकानं, पाच पायऱ्या. वाडीतल्या बायांनी दोन दिवसांत ही वाट हुडकून काढली होती.

"मै क्या करूँ?" जमीलभाई म्हणाले. "तेरेकू वादा किया, मगर अब्बा का उसूल उससे पुराना है."

सरांनी डोक्याला हात लावला. "लहानपणी रोज सकाळी अब्बांबरोबर शटर उचलायला यायचो मी. पहिली नोट डोळ्यांना लावताना बघितलंय. आणि एवढी वर्षं बाजार शिकवताना नेमकी बोहनीच विसरलो." मग ते हसायला लागले. आधी सर, मग मी, आणि शेवटी इकडंतिकडं पाहून जमीलभाईसुद्धा. त्या दोन भावांना एकत्र हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून सरांची बोहनी सुरू झाली. उपाय साधा होता. कडूबाईच्या आधी दुसऱ्या कोणी बोहनी केली की नियम पाळला गेला, आणि मग दुकानदार हिरवा माल नाकारायला मोकळा. सर सकाळी नवाच्या आत, शटर उघडायच्या आधी, शहागंजात हजर होत आणि एकेका दुकानात दहा रुपयांचं काहीतरी घेत. बहुतेक बडीशेप, कारण ती टिकते. पाच दुकानं, पाच पुड्या, रोज. दोन दुकानं माझ्या गळ्यात पडली. सकाळी नऊच्या आधी अंघोळ केलेला मी माझ्या बायकोलाही ओळखू येत नसे. स्टाफरूममध्ये बडीशेपीचे डबे साचले. पाहुणा येवो, परीक्षक येवो, तपासणी पथक येवो, मूठभर बडीशेप. त्या वर्षी आमच्या कॉलेजात कोणाचीही पचनाची तक्रार नव्हती.

कडूबाई काही कच्ची नव्हती. तिसऱ्या दिवशी सर पोचले तर ती शटरला पाठ लावूनच बसलेली. जमीलभाईंनी कुलूप काढलं, शटर गुडघ्याएवढं वर गेलं आणि कडूबाईनं त्याखालून गाठोडं आत सरकवलं. त्याच क्षणी सरांनी वाकून, पन्नाशी उलटलेल्या माणसानं वाकू नये इतकं वाकून, दहाचं नाणं आत टाकलं. ते गडगडत जाऊन तागडीखाली थांबलं.

"पैली मी!" कडूबाई.

"पहिलं नाणं!" सर.

जमीलभाई अर्धवट शटर डोक्यावर धरून उभे. "या अल्ला," ते म्हणाले, "मेरेकू शटर तो खोलने दो."

निकाल काय लागला हे विचारू नका. जमीलभाईंनी दोघांनाही पहिलं धरलं. गाठोडं घेतलं आणि बडीशेपही दिली. पण त्यानंतर सर कडूबाईशेजारी पायरीवर बसले आणि दोघं बराच वेळ बोलत राहिली. मी जवळच उभा होतो.

"सर, माजं तुमच्याशी वाकडं नाय," कडूबाई म्हणाली. "मलाबी ती झाडं पायजेत. माज्या नातीला काय दावू, बुडखे? पर मी थांबले आन् दुसरीनं आनून विकलं, तर माजं काय? तुमच्या पाची दुकानांत रोज बोनी करता, खरं. पर वाडीतल्या बायांच्या मनात कोन बोनी करनार?"

सर म्हणाले, "ती तू करशील. माझ्या हातात फक्त दुकानं आहेत."

कडूबाई उठली. गाठोड्याचं फडकं झटकून तिनं खांद्यावर टाकलं आणि एसटी गाठायला निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. आठवड्यानं बाकीच्या बायाही यायच्या थांबल्या, कारण एसटीचं भाडं खर्चून माल परत न्यायला कोणाला परवडतं? आखितीच्या तिसऱ्या दिवशी गोण्या आल्या त्या काळ्याभोर फळांच्या, टपोऱ्या दाण्याच्या. जमीलभाईंनी एक दाणा दातानं फोडला आणि भाव वाढवून दिला. सर मधे पडून तो आणखी वाढवायला लागले तेव्हा मात्र भावानं त्यांना दुकानाबाहेर काढलं.

हे काही एका वर्षात जमलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बोहनी, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. सर निवृत्त झाले तरी चैत्र लागला की त्यांची स्कूटर शहागंजाकडं वळायची. चौथ्या की पाचव्या वर्षी आम्ही डोंगरावर गेलो तेव्हा कडूबाईनं सरांना एका जागी नेऊन खाली बसवलं आणि पाचोळा बाजूला केला. वीतभर उंचीची चारोळीची तीन रोपं होती. सरांनी त्यांची किंमत काही विचारली नाही. मग मला म्हणाले, "काळे, तुझी सावली पडतेय त्यांच्यावर, सरक." मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला, आणि तसं मी त्यांना कधी सांगितलं नाही याचं आजही वाईट वाटतं.

यंदाच्या चैत्रात सरांच्या हृदयानं कुरकुर केली. दवाखान्यात ठेवलं. मुलगी पुण्याला असते, ती पुढच्या उपचारासाठी तिकडं न्यायला येणार होती. संध्याकाळी मी भेटायला गेलो तर जमीलभाई उशाशी बसलेले. त्यांनी सांगितलं की दुकानात एक अनोळखी माणूस मोटारसायकलवर येऊन गेला. वाडीचा नव्हता, कुठून तरी वरच्या अंगाचा. माझ्याकडं बराच हिरवा माल आहे म्हणाला, आणि जाताना शटर किती वाजता उघडतं ते विचारून गेला.

सर उठून बसले. "उद्या तो पहिला आला तर?"

"तो लेना पडेगा," जमीलभाई हळूच म्हणाले.

त्याचा अर्थ आम्हा तिघांनाही ठाऊक होता. एक गोणी घेतली गेली की बातमी दुपारपर्यंत पिशोरच्या बाजारात, संध्याकाळपर्यंत डोंगरावर, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक झाडावर कोयता. सहा वर्षांचं थांबणं एका सकाळीत संपलं असतं. सरांनी उशीखालून एक छोटी कापडी पिशवी काढली. त्यात दहाची पाच नाणी. "काळे, उद्या तू. नवाच्या आत."

मी वचन दिलं. घरी जाऊन दोन गजर लावले. आणि सकाळी ते दोन्ही गजर मी स्वतःच्या हातानं बंद करून पुन्हा झोपलो. हे लिहितानाही मला लाज वाटते. जाग आली तेव्हा नऊ वाजून गेले होते. तोंडावर पाणी मारून गाडी काढली, शहागंजात गर्दी, एका हातगाडीला धडकता धडकता वाचलो, आणि ओळीत पोचलो तेव्हा पाचही शटर उघडलेली होती.

जमीलभाईंच्या दारात मोटारसायकल उभी होती. मागं दोन फुगलेल्या गोण्या.

पण गोण्या गाडीवरच होत्या. मोटारसायकलवाला तावातावानं हात नाचवत होता आणि जमीलभाई शांतपणे म्हणत होते, "आखिती के बाद आव. बोहनी हो गई."

कोणी केली? मी आत पाहिलं. गल्ल्याशी कडूबाई उभी होती, हातात बडीशेपीची पुडी. मी शेजारच्या दुकानाकडं पाहिलं. तिथल्या पायरीवर वाडीतली दुसरी बाई, हातात पुडी. त्याच्या पुढं तिसरी. मग चौथी. मग पाचवी. एकीच्याही जवळ गाठोडं नव्हतं.

"मास्तर, आज लौकर उठलाव जनू," कडूबाई मला म्हणाली. माझा उलटा घातलेला शर्ट तिनं नीट पाहून घेतला. "सर दवाखान्यात हायेत म्हून बाजारात कळलं. मंग म्हनलं, बोनी कोन करनार? बायांला म्हनलं, चला. एकबी मागं नाय ऱ्हायली बगा." मग ती जमीलभाईंकडं वळली. "शेट, दहाची एवढीच बडीशेप व्हय? आनखी टाका!"

मी सरांना फोन करावा म्हणून बाहेर आलो तर समोर, रस्त्याच्या पलीकडं, एक रिक्षा उभी होती. आत सर. अंगात दवाखान्याचा सदरा, हाताला सुईची पट्टी, मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं. मी धावतच गेलो.

"सर, तुम्ही इथं? डॉक्टर..."

"तू उठणार नाहीस हे मी धरूनच चाललो होतो," सर म्हणाले. रागावून नव्हे, उदाहरण सोडवल्यासारखं. त्यांनी मूठ उघडली. आणखी पाच नाणी. पण ते माझ्याकडं बघत नव्हते, त्या पाच पायऱ्यांकडं बघत होते. चष्मा काढून त्यांनी सदऱ्यानं पुसला, पुन्हा घातला. "ऐक, ती भाव करतेय. जमीलशी भाव करतेय!"

"आत चला ना सर, तिला भेटा."

"नको. माझं तिथं काही काम उरलं नाही आता." हे ते इतक्या आनंदानं म्हणाले की मला रडू आलं. मग त्यांनी ती पाच नाणी माझ्या हातावर ठेवली. दहा नाणी झाली माझ्याकडं. अजून आहेत, टेबलाच्या खणात, खर्च करायची वेळच आली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीनं त्यांना पुण्याला नेलं, आणि आखितीच्या आधीच सर तिकडंच वारले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या रिक्षात. रिक्षा शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याकडं वळताना गर्दीत जरा अडकली. सर पुढं वाकून ड्रायव्हरपुढं आणखी एक नोट नाचवत काहीतरी भाव करत होते. एवढ्या लांबून शब्द ऐकू येत नव्हते. पण ड्रायव्हर दोन्ही हात जोडून नको नको म्हणत होता, आणि सर काही केल्या ऐकत नव्हते.